फैसल, गोडबोले आणि वेशीबाहेरचा कॅमेरा

ॲलेक गिनेस या इंग्रज नटाने पडद्यावर एकदा अमीर फैसल रंगवला आणि एकदा प्राध्यापक नारायण गोडबोले. मध्ये बावीस वर्षं गेली. दिग्दर्शक तोच, डेव्हिड लीन. १९६२च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधला दाढीवाला, मऊ आवाजात बोलणारा फैसल मोठा भारदस्त वाटतो. १९८४च्या ‘अ पॅसेज टु इंडिया’मधले गोडबोले मात्र आपल्याला पहिल्या मिनिटातच खटकतात. कारण उघड आहे. आपल्या आळीत गोडबोले आहेत, कार्यालयात गोडबोले आहेत, कुणाच्या तरी मामेसासऱ्यांचं आडनाव गोडबोले आहे. ते कसे बसतात, कसे बोलतात, नको असलेल्या प्रश्नाला कशी बगल देतात हे आपल्याला पाठ असतं, म्हणून सोंग चटकन ओळखू येतं. फैसलचं सोंग ओळखू येत नाही, कारण अरबस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हेजाझमधला एकही माणूस आपण जवळून पाहिलेला नसतो.

या पुस्तकाचं हस्तलिखित वाचत असताना माझ्या मनात आलं, की गोडबोल्यांना पाहून आपल्याला जे होतं, तेच गिनेसच्या फैसलला पाहून जेद्द्याच्या माणसाला होत असणार. त्याला विचारायला कुणी गेलं नाही, इतकंच. विचारायला जाण्याचं काम या पुस्तकाने अंगावर घेतलं आहे, म्हणून प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं.

विषय वरवर पाहता चमत्कारिक आहे: ब्रिटिश चित्रपट-दिग्दर्शक आणि सौदी अरेबिया. ज्या देशात पस्तीसएक वर्षं सिनेमा थिएटरच नव्हतं, त्या देशाचा आणि दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो बराचसा कुंपणाबाहेर उभं राहून आत डोकावण्याचा आहे. सौदी अरेबियाचं जे चित्र जगाच्या डोक्यात बसलं, ते अनेक दशकं सौदी अरेबियाबाहेर चित्रित होत राहिलं. कधी जॉर्डनमध्ये, कधी मोरोक्कोत, कधी स्पेनच्या किनाऱ्यावर, कधी इजिप्तमध्ये. ही सवय अजून मोडलेली नाही. सौदीत गुलामासारखा राबवला गेलेला मल्याळी माणूस दाखवणारा ब्लेसी यांचा ‘आडुजीवितम’ २०२४ साली आला, त्यातलं वाळवंटही जॉर्डनचं आणि अल्जीरियाचं.

नवख्या वाचकासाठी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो कळला नाही तर लीनचा कॅमेरा जॉर्डनमध्ये का उभा राहिला ते कळत नाही. १९१६च्या जूनमध्ये मक्केचा शरीफ हुसेन तुर्कांविरुद्ध उठला. त्याचा मुलगा फैसल, आणि फैसलच्या तंबूत पोचलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स. यानबू, वज्ह, दमास्कस-मदिना रेल्वेचे उडवलेले रूळ, १९१७च्या जुलैत पडलेलं अकाबा, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात दमास्कस. यातलं यानबू, वज्ह आणि रेल्वेचा मोठा पट्टा आज सौदी अरेबियात आहे. पण सौदी राजघराणं या कथेत नाही. ते तेव्हा मध्य अरबस्तानातल्या नज्दमध्ये आपला जम बसवत होतं. १९२४-२५ साली अब्दुलअझीझ इब्न सौदने हेजाझ जिंकून शरीफाच्या घराण्याला तिथून हुसकावलं आणि २३ सप्टेंबर १९३२ला आजच्या नावाचं राज्य जाहीर केलं. म्हणजे लीनच्या चित्रपटातले अरब नायक हे सौदींनी हरवलेले लोक. त्या हरलेल्या घराण्याची एक पाती जॉर्डनच्या गादीवर टिकली. तिथल्या राजे हुसेन यांनी लीनला वाळवंट दिलं, सैनिक दिले, उंट दिले. कॅमेऱ्याने सरहद्द का ओलांडली नाही याचं अर्धं उत्तर या भाऊबंदकीत आहे. उरलेलं अर्धं लीनच्या स्वभावात सापडतं.

लीन १९०८ साली लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये जन्मला. हेजाझ रेल्वे मदिनेपर्यंत पोचली तेही याच साली. घर क्वेकर पंथाचं, कडक. सिनेमा म्हणजे पाप. घरकामाला येणारी बाई चॅप्लिनच्या गमती सांगायची आणि हा पोरगा न पाहिलेले चित्रपट डोळ्यांसमोर आणायचा. दहाव्या वर्षी काकांनी त्याला साधा ब्राउनी कॅमेरा दिला. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला त्या डब्याने पहिल्यांदा काहीतरी जमतंय असं वाटायला लावलं. वडील हिशेबनीस, त्यांच्या कचेरीत काही काळ जमाखर्च लिहून तो कंटाळला आणि १९२७ साली गोमाँ स्टुडिओत चहा देणारा पोऱ्या म्हणून लागला. तिथून क्लॅप देणारा, मग संकलकाच्या हाताखाली, आणि तीसच्या दशकात इंग्लंडमधला नावाजलेला संकलक. दिग्दर्शनाची पहिली संधी १९४२ साली, नोएल कॉवर्डबरोबर ‘इन विच वी सर्व्ह’मध्ये मिळाली. मग ‘ब्रीफ एन्काउंटर’, डिकन्सच्या दोन कादंबऱ्या, आणि १९५७ साली ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’, ज्याने सात ऑस्कर पटकावली. चाळीस-बेचाळीस वर्षांत सोळा चित्रपट. आपल्याकडे एखादा दिग्दर्शक पाच वर्षांत एवढे काढून मोकळा होतो.

क्वायनंतर त्याच्या मनात गांधी होते. त्यासाठी तो भारतात येऊन गेला. गांधींच्या भूमिकेसाठी नाव घोळत होतं ते पुन्हा ॲलेक गिनेसचंच. ते बारगळलं, हे आपलं नशीब म्हणायचं. पुढे रिचर्ड ॲटनबरोने १९८२ साली ‘गांधी’ केला आणि त्यातून बेन किंग्जली, रोहिणी हट्टंगडी आणि ऑस्कर घेऊन आलेल्या कोल्हापूरच्या भानू अथैया जगाला माहीत झाल्या. लीनच्या खासगी आयुष्यातही भारत होता: सहा लग्नांपैकी चौथं हैदराबादच्या लीला मटकर यांच्याशी, १९६० साली. पण गांधी सुटले आणि त्यांच्या जागी लॉरेन्स आला.

१५ मे १९६१ला जॉर्डनच्या आग्नेय टोकाला, जबल तुबैक नावाच्या निर्जन डोंगराळ भागात पहिलं चित्रीकरण झालं. सौदी सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी मात्र कोसच्या कोस लांबून आणावं लागे. (वाळवंटातल्या सरहद्दीही मोठ्या गमतीच्या. १९६५ साली दोन्ही देशांनी जमिनीची अदलाबदल केली: जॉर्डनला अकाबाच्या दक्षिणेचा थोडा समुद्रकिनारा मिळाला, सौदीला आतला वाळवंटी मुलूख.) छायालेखक फ्रेडी यंग, सत्तर मिलिमीटरची फिल्म, आणि खास बनवून घेतलेली ४८२ मिलिमीटरची लांबच लांब लेन्स. ती लेन्स एका दृश्यासाठी आठवली जाते. क्षितिजावर काहीतरी थरथरतं. मृगजळ आहे की माणूस ते कळत नाही. ठिपका वाढतो, काळा होतो, उंटाचे पाय दिसू लागतात, आणि बऱ्याच वेळाने ओमर शरीफ बंदूक घेऊन विहिरीपाशी येतो. एखादा घाईचा दिग्दर्शक पहिल्या दहा सेकंदांत कट मारून मोकळा झाला असता. संकलकाच्या खुर्चीत वाढलेला माणूस कुठे कापायचं नाही हे जास्त जाणतो.

पुढे निर्माता सॅम स्पीगेलने खर्चाच्या धास्तीने सगळं युनिट जॉर्डनमधून उचलून स्पेनला नेलं. अकाबा उभं राहिलं ते आल्मेरियाच्या किनाऱ्यावर; कैरो आणि दमास्कस सेव्हिल शहरात. आपले आय. एस. जोहर यात गासिम झाले आहेत: ज्याला लॉरेन्स जळत्या नफूदमधून परत जाऊन वाचवतो आणि नंतर स्वतःच्या हाताने गोळी घालतो, तो. नफूद सौदीत, गासिम मुंबईचा, फैसल लंडनचा, टोळीप्रमुख औदा अबू ताई मेक्सिकोत जन्मलेला अँथनी क्विन. चार तासांच्या आसपास चालणाऱ्या या चित्रपटात एकाही बाईच्या तोंडी वाक्य नाही. १० डिसेंबर १९६२ला लंडनच्या ओडियन लेस्टर स्क्वेअरमध्ये राणीच्या उपस्थितीत पहिला खेळ झाला; सात ऑस्कर मिळाली.

इथे माझा आणि या पुस्तकाचा थोडा मतभेद आहे. लेखक लीनला बराच क्षमाशील आहे. तो म्हणतो, लीनला अरब नको होते असं नाही, त्याला माणसांपेक्षा प्रकाश जास्त समजायचा. मला हे अपुरं वाटतं. ज्याने ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्ये रेल्वे स्टेशनच्या चहाच्या टपरीत बसलेल्या एका विवाहित बाईची घालमेल इतकी बारीक टिपली, त्याला माणसं समजत होती. ती समजून घ्यायला त्याला स्वतःच्या गल्लीत राहावं लागायचं. गल्ली सोडली की पट मोठा व्हायचा आणि माणूस लहान. ‘डॉक्टर झिवागो’, ‘रायन्स डॉटर’ ही त्याची पुढची उदाहरणं. दुसऱ्यावर समीक्षकांनी इतकी टीका केली की चौदा वर्षं त्याचा नवा चित्रपट आला नाही, आणि आला तो गोडबोल्यांना घेऊन. पण हेही खरं, की मृगजळाचं ते दृश्य मी वीसेक वेळा पाहिलं असेल आणि प्रत्येक वेळी माझं टीकाकारपण विहिरीत पडलं आहे.

पुस्तकाचा आवाका समजावा म्हणून सोयीसाठी मी संगीतातला शब्द उसना घेतो. अरबस्तानावर फिरलेल्या कॅमेऱ्याची तीन-चार घराणी आहेत. सर्वांत जुनं प्रवाशांचं: १९२८ साली क्रूगर्स या डच माणसाने हजवर चित्रफीत केली, तिच्यात मक्का पहिल्यांदा हलताना दिसली. त्याला जोडून तेल कंपन्यांचं घराणं. १९३८ साली दम्मामच्या सात नंबरच्या विहिरीला तेल लागलं आणि पाठोपाठ कंपन्यांचे गुळगुळीत माहितीपट आले, ज्यांत पाइपलाइन सुंदर दिसते आणि मजूर दुरूनच दिसतात. यावर पुस्तकाने फार वेळ घालवलेला नाही, ते बरं केलं. दुसरं लीनचं, भूदृश्याचं. तिसरं पुराव्याचं, म्हणजे ब्रिटिश टेलिव्हिजनच्या माहितीपटांचं. त्यातला कळीचा माणूस अँटनी थॉमस मराठी वाचकाला जवळपास अपरिचित आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबतो.

थॉमस १९४० साली कलकत्त्यात जन्मला, दक्षिण आफ्रिकेत वाढला आणि सत्ताविशीत इंग्लंडला गेला. वर्णभेदाच्या देशात वाढल्यामुळे, सरकारी बाजू ऐकली की दुसरी बाजू शोधायची सवय त्याला लागली असावी. १९७७च्या जुलैत जेद्द्यात मिशाल या एकोणीस वर्षांच्या राजकन्येला आणि तिच्या प्रियकराला व्यभिचाराच्या आरोपाखाली जाहीरपणे मारण्यात आलं. थॉमस तिची गोष्ट शोधायला निघाला आणि विलक्षण अनुभव घेऊन परतला: जो भेटेल त्याच्याकडे त्या मुलीची वेगळी गोष्ट. कुणाला ती बंडखोर वाटे, कुणाला बळी, कुणाला तिच्या निमित्ताने स्वतःबद्दलच बोलायचं असे. नावानिशी कॅमेऱ्यासमोर बोलणं त्यांना धोक्याचं होतं. मग त्याने मुलाखतींमधले शब्द नटांच्या तोंडी दिले, पडद्यावर देशाचं नावही सांगितलं नाही, आणि चित्रीकरण केलं इजिप्तमध्ये. पुन्हा वेशीबाहेरच.

‘डेथ ऑफ अ प्रिन्सेस’ ९ एप्रिल १९८०ला ब्रिटनमध्ये दाखवला गेला आणि रियाधने ब्रिटिश राजदूत जेम्स क्रेग यांना परत जायला सांगितलं. परराष्ट्रमंत्री लॉर्ड कॅरिंग्टन यांनी खेद व्यक्त केला. अमेरिकेत मोबिल या तेल कंपनीने प्रसारणाविरुद्ध वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. एका टीव्ही कार्यक्रमामुळे दोन राज्यांतला व्यवहार अडकून पडावा याची उदाहरणं फार नाहीत. लीनच्या चित्रपटाने अरबांना महाकाव्यात बसवलं, थॉमसच्या चित्रपटाने त्यांना दिवाणखान्यात आणि हॉटेलच्या खोलीत आपसांत भांडताना दाखवलं. मला दुसरा जास्त आदराचा वाटतो. पण देखणा पहिला, आणि जग देखणेपण लक्षात ठेवतं.

त्या सुमारास सौदीतच कॅमेऱ्यावर पडदा पडत होता. त्याआधी जेद्द्यात वाड्यांच्या अंगणांतून, तिथले लोक ज्याला ‘होश’ म्हणतात त्यांतून, पडदा लावून इजिप्शियन आणि हिंदी चित्रपट दाखवले जात. २० नोव्हेंबर १९७९ला मक्केच्या मशिदीचा सशस्त्र बंडखोरांनी ताबा घेतला. बंड मोडलं, पण त्यानंतर राज्यकर्त्यांनी कर्मठांना हवं ते बरंच देऊन टाकलं. सिनेमा त्यातच गेला.

त्या काळाचा मी थोडासा साक्षीदार आहे. नव्वदीच्या दशकात मी दम्मामला नोकरीला होतो. खोलीत आम्ही पाच जण: मी, दोघं खेडकडचे, एक चिपळूणचा, एक महाडचा. चौघांच्या घरातली आधीची पिढीही आखातात राबून आलेली. शुक्रवारी व्हीसीआरवर कॅसेट लागायची. दुकानात मिळणाऱ्या मासिकांच्या मुखपृष्ठावरच्या बायकांचे दंड काळ्या मार्करने रंगवलेले असत. कचेरीतले सौदी सहकारी सुट्टीच्या दिवशी गाडी काढून पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडून बहरीनला जात, दोन चित्रपट पाहून रात्री परत. आम्हाला त्यासाठी कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाची, परवानगी आणि एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का लागे, म्हणून आम्ही शनिवारी त्यांच्याकडून गोष्ट ऐकायचो. लीनला त्या कामवाल्या बाईकडून चॅप्लिन कळला, तसाच काहीसा प्रकार.

सिनेमा निषिद्ध असलेल्या घरातून लीन आला. सिनेमा निषिद्ध असलेल्या देशातून हैफा अल-मन्सूर आली. तिचे वडील कवी. ते घरी मुलांसाठी कॅसेटी आणत आणि त्यावरून नातेवाइकांचे टोमणे खात. २०१२चा तिचा ‘वजदा’ हा संपूर्णपणे सौदी अरेबियात चित्रित झालेला पहिला कथापट. गोष्ट दहा वर्षांच्या मुलीची, जिला हिरवी सायकल हवी आहे. रियाधच्या रस्त्यावर परक्या पुरुषांमध्ये उभं राहून बाईने हुकूम सोडणं चालण्यासारखं नव्हतं, म्हणून ती व्हॅनमध्ये बसून मॉनिटरवर पाहत वॉकीटॉकीवरून दिग्दर्शन करायची. देशाच्या आत कॅमेरा शिरला तर दिग्दर्शिका गाडीच्या आत! पण लॉरेन्समध्ये ज्या प्रदेशातल्या बाईला एक वाक्य मिळालं नाही, त्या प्रदेशातली मुलगी इथे अखंड बोलते, खोटं बोलते, पैज लावते, धंदा करते.

पाच वर्षांनी हैफाने ‘मेरी शेली’ केला. ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या इंग्रज लेखिकेचं आयुष्य, दिग्दर्शिका सौदी. गिनेसने दाढी लावून फैसल होण्याची ही बरोबर उलटी बाजू, आणि या पुस्तकातली मला सर्वांत आवडलेली चर्चा त्याभोवती आहे. इंग्रज वाचकांना या मेरीत काही खटकलं का, आपल्याला गोडबोल्यांत खटकलं तसं? लेखकाने याचा नेटाने पाठपुरावा केला आहे. उत्तर मी इथे फोडत नाही.

हे सारं आज का वाचायचं? कारण वेस उघडली आहे, आणि उघडणाऱ्याचे स्वतःचे हेतू आहेत. २०१६ साली ‘व्हिजन २०३०’ जाहीर झालं, १८ एप्रिल २०१८ला रियाधमध्ये ‘ब्लॅक पँथर’ने थिएटर सुरू झालं, त्याच जूनमध्ये बायकांनी गाडीचं चाक हातात घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जमाल खशोग्जी या सौदी पत्रकाराचा इस्तंबूलमधल्या सौदी वाणिज्य वकिलातीत खून झाला. २०२१पासून जेद्द्यात रेड सी महोत्सव भरतो. परदेशी निर्मात्याला खर्चाचा मोठा हिस्सा परत मिळतो. रुपर्ट वायट हा ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ करणारा इंग्रज दिग्दर्शक ‘डेझर्ट वॉरियर’ घेऊन तबूक प्रांतात गेला. इस्लामपूर्व अरबस्तानातली झी कारची लढाई, सौदी पैसा, अफाट पसारा. चित्रीकरण २०२२ला आटोपूनही प्रेक्षकांपर्यंत यायला २०२५ साल लागलं. त्यात इराणी सम्राट झाला आहे बेन किंग्जली. तबूक म्हणजे तुबैकच्या पलीकडची बाजू. लीनचा कॅमेरा जिथे थांबला तिथून पुढे जायला ब्रिटिश दिग्दर्शकाला साठ वर्षं लागली, आणि गेला तो यजमानाच्या खर्चाने. आमंत्रण घेऊन आत जाणाऱ्याला काय दाखवता येतं आणि काय नाही, हा प्रश्न लीनला पडला नव्हता, थॉमसला उलट बाजूने पडला होता, वायटच्या पिढीला रोज पडणार आहे. अली कल्थमीचा ‘मंदूब’ किंवा तौफीक अल-झैदीचा ‘नूरा’ पाहिला तर स्थानिक दिग्दर्शकही त्याच प्रश्नाशी झटत आहेत असं दिसतं. त्यांची वाट मला जास्त अवघड वाटते आणि जास्त आशेची.

हे पुस्तक लीनचं चरित्र नाही. ते केव्हिन ब्राउनलोने इंग्रजीत भरपूर तपशिलाने लिहून ठेवलं आहे. सौदी सिनेमाचा इतिहासही नाही. एका इंग्रज दिग्दर्शकाच्या कारकिर्दीचा धागा धरून, चित्र काढणारा आणि ज्याचं चित्र काढलं जातं तो, यांच्यातलं अंतर कसं बदललं ते इथे पाहिलं आहे. लेखकाने आखातात वर्षं काढली आहेत, त्यामुळे वाळवंट म्हटलं की त्याला सूर्यास्ताआधी इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आठवतो, पाण्याचा टँकर आठवतो, शमाल वाऱ्याने दाराखालून आत येणारी वाळू आठवते. अशा माणसाने ‘लॉरेन्स’ पाहिला की त्याला तंबूमागे उभे असलेले, नाव नसलेले लोक आधी दिसतात. कोकणातून तिकडे गेलेल्या हजारो घरांना ही नजर ओळखीची वाटेल.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक उघडण्याआधी ‘वजदा’ पाहा, तो घरच्या टीव्हीवरही पुरतो. ‘लॉरेन्स’ मात्र एखाद्या फिल्म सोसायटीने मोठ्या पडद्यावर लावला तरच पाहा. १९८९ साली जुने कापलेले तुकडे जोडून नीट केलेली प्रत असेल तर उत्तम. मोबाइलवर तो ठिपका उंट होईपर्यंत दिसतच नाही.